जुनी गाडी लांबून घरी आणताना: दोरी नको, चारही चाकं उचला

जुन्या गाडीचा शौक आपल्या घरांत नवा नाही. कुणाच्या अब्बांनी आखातातून परतल्यावर घेतलेली फियाट अजून अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. कुणाच्या चाचांनी मुंबईत टॅक्सी चालवून संसार उभा केला, आणि आता मुलांना तशीच एक पद्मिनी दारात हवी असते. मोबाईलमुळे तर देशभरातल्या जुन्या गाड्या घरबसल्या दिसू लागल्या. बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नईकडे कुणीतरी गाडी विकायला काढतो, फोटो येतात, घरात चर्चा होते, बयाणा दिला जातो. आणि मग खरा प्रश्न समोर येतो: गाडी घरी आणायची कशी?

याला घरातून तीन उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो, चालवत आणू. दुसरा म्हणतो, आपली बोलेरो घेऊन जाऊ आणि दोरीने ओढत आणू. तिसरा म्हणतो, सरळ गाडीवर टाकून आणू. पहिलं उत्तर शौकाचं आहे, दुसरं पैसे वाचवण्याचं आहे आणि तिसरं शहाणपणाचं आहे. तिसरंच का निवडायचं आणि ते नीट कसं करायचं, हे या लेखात सांगते.

एक गाडी डोळ्यांसमोर ठेवू

समजा, गाडी आहे स्टँडर्ड हेराल्ड. ब्रिटनमध्ये १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड आली, तिचं रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलं होतं. १९६१ पासून ती मद्रासमध्ये स्टँडर्ड या नावाने बनू लागली. याच हेराल्डची चेसिस आखूड करून इंग्रजांनी १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे आपली हेराल्ड ही एका नामी स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण. वजन साधारण ८०० किलो. बॉनेट आणि पुढचे दोन्ही मडगार्ड एकाच तुकड्यात पुढच्या बाजूला उघडतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गाडी बेंगळुरूत आहे आणि आणायची आहे रत्नागिरीला. रस्ता असा: तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, धारवाड, बेळगाव, निपाणी, कोल्हापूर. तिथून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी. अंतर साधारण ७५० किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात घाट आहे, आणि बहुतेक गडबड तिथेच होते.

चालवत का आणू नये?

विकणारा म्हणतो, "भाई, एकदम चालू कंडिशन. किल्ली मारा आणि निघा." तो खोटं बोलत असेल असं नाही. पण गल्लीत दोन किलोमीटर चालणारी गाडी आणि ७५० किलोमीटर चालणारी गाडी यांत फरक असतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकमधले रबर कडक होतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. रेडिएटरचे होज वरून बरे दिसतात, आतून फाटलेले असतात. पेट्रोलची जुनी नळी गळली तर आग लागू शकते.

टायरवरून तर हात फिरवून समाधान मानू नका. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. २३१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत असली तरी इतक्या जुन्या टायरचं रबर मेलेलं असतं. ताशी ७० च्या वेगाला तो फाटला तर सांभाळायला वेळ मिळत नाही.

कागदाचाही प्रश्न आहे. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते झालेलं नसेल, विमा नसेल, पीयूसी नसेल, तर ती गाडी रस्त्यावर चालवणंच बेकायदा. अपघात झाला आणि समोरच्याला काही झालं, तर भरपाई आयुष्यभर फेडत बसावी लागेल.

दोरीने ओढत का आणू नये?

आपल्याकडे सर्रास दिसणारं दृश्य म्हणजे पुढे जीप, मागे बंद गाडी आणि मध्ये नारळाच्या सुंभाची किंवा नायलॉनची दोरी. आपल्या देशातले नियम याला फार थोडी मुभा देतात. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून न्यायला परवानगी आहे. तीही अटींवर. ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्स असलेला माणूस स्टिअरिंगवर हवा, किंवा तिची पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. दोरी किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी खूण हवी. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत "ऑन टो" अशी पाटी हवी, अक्षरं निदान ७५ मिलिमीटर उंच. आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. या वेगाने रत्नागिरीला पोचायला ३० तास नुसते चाकावर जातील. म्हणजे लांबच्या प्रवासासाठी ही सोय नाहीच.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून याचं कारणही सांगते. ५ मीटर अंतर म्हणजे एका कारच्या लांबीहून थोडंच जास्त. ताशी ५० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. पुढच्याने ब्रेक मारल्याचं कळून मागच्याचा पाय पेडलवर जाईपर्यंत निदान एक सेकंद जातो. तोवर त्या ५ मीटरपैकी बरंचसं अंतर संपलेलं असतं आणि टक्कर टाळणं अवघड होतं.

मागच्या गाडीचं इंजिन बंद असतं. ज्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे, तिचं पेडल इंजिन बंद असताना दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. काही गाड्यांत किल्ली काढली की स्टिअरिंग लॉक होतं, म्हणजे वळणावर गाडी सरळ दरीकडे. बॅटरी नसेल तर ब्रेक लाइट नाही, इंडिकेटर नाही. उतारावर दोरी ढिली पडते, मागची गाडी पुढच्याच्या अंगावर येते. चढावर झटका बसतो. ताणलेली नायलॉनची दोरी तुटली किंवा हूक निसटला, तर तो चाबकासारखा उलटा येतो आणि काच फोडून आत शिरतो. मागच्या गाडीत कोण बसलेलं असतं? बहुतेक वेळा घरातलाच एखादा विशीतला पोरगा.

यंत्राचंही नुकसान होतं. बहुतेक गिअरबॉक्समध्ये आतले गिअर फिरतात तेव्हाच ऑइल सगळीकडे पोचतं. इंजिन बंद ठेवून चाकं फिरत राहिली तर काही भाग कोरडेच घासतात. हेराल्डसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची नुसती पुढची चाकं उचलून नेली, तरी हा प्रकार सुरूच राहतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाकं उचलली तर गिअरबॉक्स वाचतो. आपल्या देशात बनलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म अशी आहे. पण मागची जुनी बेअरिंग आणि टायर शेकडो किलोमीटर फिरतातच. म्हणून लांबच्या अंतराचा नियम एकच: चारही चाकं जमिनीवरून वर.

कोणती गाडी मागवायची?

बाजारात चार प्रकार मिळतात. पहिली क्रेनवाली टोइंग व्हॅन, जी पुढची दोन चाकं उचलते. ती शहरातल्या शहरात ठीक आहे. दुसरी फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीची. तिची पाठ मागे सरकून खाली झुकते आणि विंचने गाडी वर ओढली जाते. आखातात राहिलेली आपली माणसं हिलाच "रिकव्हरी" म्हणतात. तिसरा बंद कंटेनर. यात एका वेळी अनेक गाड्या जातात, धूळ-पाऊस लागत नाही, पण त्याच्या वेळेनुसार थांबावं लागतं आणि तो गावात आत येत नाही. चौथा साधा मालट्रक, ज्यात मातीच्या उंचवट्यावरून किंवा फळ्या टाकून गाडी चढवतात. हा स्वस्त पडतो, पण चढवताना-उतरवताना सर्वांत जास्त अपघात याच पद्धतीत होण्याचा धोका असतो.

एकट्या जुन्या गाडीसाठी फ्लॅटबेड उत्तम. भाडं ठरवताना नुसतं "किती घेणार" असं विचारू नका. किलोमीटरचा दर एका बाजूचा की परतीचाही धरला आहे, टोल कुणाचा, मुक्काम पडला तर हॉल्टिंग किती, चढवणं-उतरवणं त्यातच आहे का, हे सगळं आधी लिहून घ्या. आणि पट्टे कोणते आहेत त्याचा फोटो मागवा. ज्याच्याकडे नुसत्या दोऱ्या आहेत, त्याला शुक्रिया म्हणा आणि दुसरा शोधा.

चढवण्याआधीची तयारी

गाडी चढवायच्या आदल्या दिवशी तिथे पोचा. हे ऐन वेळी होणारं काम नाही.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकशी स्वतः ताडून पाहा. गाडीचे चारही बाजूंनी, छताचे आणि आतले फोटो दिवसाच्या उजेडात काढा. आधीचे ओरखडे वाहतूकदाराच्या पावतीवर लिहून घ्या, म्हणजे नंतर वाद नको.

टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा. बॅटरीची वायर काढा, पण विंच लावून झाल्यावर, कारण तोवर लाइटची गरज पडू शकते. टायरमध्ये हवा भरा. बसलेल्या टायरवर पट्टा घट्ट बसत नाही. ब्रेक जाम आहेत का ते गाडी ढकलून पाहा. चाक फिरत नसेल तर जबरदस्तीने ओढू नका, मेकॅनिककडून ड्रम सैल करून घ्या. हबकॅप, आरसे, वायपर, स्टेपनी, जॅक, सुटे सामान काढून वेगळ्या पेटीत भरा. जुन्या गाडीचा हबकॅप हायवेवर उडून गेला तर तो परत मिळणं मुश्कील.

कापडी छताची गाडी असेल तर छत नीट लावून त्याच्या कड्या बंद करा. बाहेरून सैल कव्हर घालू नका. वाऱ्याने ते फडफडतं आणि आत बसलेली धूळ रेतीच्या कागदासारखी रंग घासते. कव्हर घालण्यापेक्षा गाडी उघडी नेलेली बरी.

चढवताना

स्पोर्ट्स कार जमिनीला चिकटलेली असते, त्यामुळे उताराचा कोन महत्त्वाचा. पाठीची उंची ९० सेंटिमीटर आणि फळी ३ मीटरची असेल तर कोन १७ अंशांच्या पुढे जातो, आणि नाक किंवा सायलेन्सर घासणार हे नक्की. तीच फळी ५ मीटरची केली तर कोन १० अंशांच्या आसपास येतो. म्हणून लांब फळी मागा किंवा फळीखाली लाकडी ठोकळे ठेवून चढ हळू करा.

गाडीचं तोंड पुढे, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनकडे ठेवा. हेराल्ड आणि स्पिटफायरचं बॉनेट काचेच्या बाजूने उचललं जातं आणि नाकाकडे बिजागरी असते. तोंड पुढे असेल तर वारा बॉनेट दाबून ठेवतो. उलटी चढवली तर वारा फटीत शिरून तेच बॉनेट उचकटू शकतो. तोंड पुढे असलं तरी बाजूच्या कड्या घट्ट आहेत ना ते बघा आणि वरून एक मऊ पट्टा घ्या.

विंचचा हूक बंपरला लावू नका. जुन्या बंपरचे नट गंजलेले असतात. हूक चेसिसला किंवा कंपनीने दिलेल्या टोइंगच्या कडीला लावा. सॅन स्टॉर्मसारख्या गाडीची बॉडी फायबरची असते, तिथे तर बॉडीला काहीच अडकवायचं नाही.

ओढायला सुरुवात झाली की गाडीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, विंचच्या दोराच्या रेषेतही नाही. "मी मागून हात लावतो" असं म्हणणारे काका प्रत्येक ठिकाणी असतात. त्यांना प्रेमाने बाजूला करा. ८०० किलोची गाडी उतारावरून सुटली तर ती हाताने थांबत नाही.

बांधणं: सगळा खेळ इथे आहे

गाडी वर गेली की बरेच जण हँडब्रेक ओढून निश्चिंत होतात. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, पण भरवसा पट्ट्यांवर ठेवा. फ्लॅटबेडने ताशी ६० वरून जोरात ब्रेक मारला, तर वर ठेवलेली गाडी तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त जोराने पुढे जाऊ पाहते. हेराल्डच्या बाबतीत हा जोर ४०० ते ५०० किलोचा. वेग ४० वरून ८० केला तर गाडीतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. हे सूत्र नववीच्या पुस्तकात आहे, पण घाटातच नीट समजतं.

पट्टे रॅचेटचे हवेत, म्हणजे दांडी मागेपुढे करून आवळता येणारे. प्रत्येक पट्ट्याला शिवलेल्या लेबलवर त्याची कामाची क्षमता लिहिलेली असते. सोपा हिशेब असा ठेवा: एकेका पट्ट्याची क्षमता निदान अख्ख्या गाडीच्या वजनाइतकी असावी. लेबल फाटलेलं असेल, कडा उसवलेल्या असतील, हूक वाकलेला असेल तर तो पट्टा नाकारा.

चार चाकांना चार पट्टे. सर्वांत चांगली पद्धत म्हणजे पट्टा टायरवरून घेऊन पुढे-मागे पाठीच्या कड्यांना अडकवणं. यात चाक जागेवर घट्ट राहतं, पण गाडीच्या स्प्रिंग आपलं काम करत राहतात. बॉडी किंवा चेसिस खाली आवळली तर खड्ड्यात स्प्रिंग दबते, पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि हूक निसटू शकतो. चाकाची पद्धत जमत नसेल तर चेसिस किंवा एक्सलला मऊ फास घालून पट्टा लावा. एक्सलजवळून ब्रेकची पितळी किंवा लोखंडी नळी जाते, ती चिरडणार नाही हे बघा. स्टिअरिंगच्या दांड्यांना आणि सायलेन्सरला काहीही अडकवू नका.

पुढचे दोन पट्टे पुढे ओढणारे, मागचे दोन मागे ओढणारे. मागचे दोन एकमेकांना छेद देऊन बांधले तर गाडी आडवी सरकत नाही. पट्टा साधारण ४५ अंशांच्या तिरक्या कोनात राहिला तर तो खालीही दाबतो आणि मागेही धरून ठेवतो. अगदी उभा बांधलेला पट्टा फक्त खाली दाबतो, पुढे सरकणं थांबवत नाही. धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर मध्ये जाड कापड किंवा जुना होज घाला. शेवटी चारही चाकांना लाकडी गुटके लावा.

गाडीत कुणालाही बसू देऊ नका. "पोरांना मजा वाटेल" म्हणून मुलांना वरच्या गाडीत बसवणं अजिबात नको.

वाटेत

निघाल्यावर पहिल्या १५-२० किलोमीटरवर थांबा. नवीन बांधलेले पट्टे याच टप्प्यात बसतात आणि ढिले होतात. ते पुन्हा आवळा. नंतर दर १०० ते १५० किलोमीटरला, आणि कुठल्याही कारणाने थांबाल तेव्हा. चहाला थांबलात, नमाजसाठी थांबलात, डिझेलला थांबलात, आधी पट्ट्यांवर हात फिरवा आणि मग पुढचं काम. पावसात भिजला की पट्टा किंचित ताणतो, म्हणून सर आली की पुन्हा बघा.

आमच्या एका मामेभावाची गाडी अशीच आली होती. निघताना सगळं घट्ट होतं. मलकापूरला जेवायला थांबले तेव्हा मागचा एक पट्टा बोटाने हलत होता, कारण त्या बाजूच्या टायरमधली हवा उतरली होती. तिथे पंप लावला, पट्टा आवळला आणि मग घाटात शिरले. दहा मिनिटांचं काम, पण घाट उतरताना वळणावळणावर त्या एका पट्ट्याची गरज होती.

७५० किलोमीटर एका दमात करायचे नाहीत. भरलेली फ्लॅटबेड सरासरी ताशी ४५-५० ने जाते, म्हणजे १५ ते १७ तास. एकच ड्रायव्हर असेल तर दोन दिवस धरा. बेंगळुरूहून पहाटे निघालात तर हुबळी-धारवाडपर्यंत साधारण ४०० किलोमीटर होतात, तिथे मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी बेळगाव, कोल्हापूर करून आंबा घाट दुपारच्या उजेडात उतरतो. ड्रायव्हरला "चाचा, रातोरात पोचवा, वर पाचशे देतो" असं म्हणू नका. त्याची झोप हा तुमच्या गाडीचा पहिला विमा आहे. घाटात त्याला खालच्या गिअरमध्ये उतरू द्या. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात आणि धरायचे बंद होतात.

जून ते सप्टेंबर हा प्रवास शक्यतो टाळा. दरड, धुकं, निसरडा रस्ता, आणि उघडी जुनी गाडी. जुनी गाडी ऑक्टोबरपर्यंत थांबू शकते.

कागद आणि विमा

गाडी पाठीवरून येत असली तरी कागद सोबत हवेत. मूळ आरसी, विक्रीचा करार, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, विमा, आणि वाहतूकदाराची पावती. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातून गाडी येत असल्याने तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. हे फॉर्म विकणाऱ्याच्या सहीनिशी तिथूनच घेऊन निघा. गाडी घरी आल्यावर सहीसाठी माणूस शोधत फिरणं फार त्रासाचं असतं. खरेदी करणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

विम्यातला एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. आपल्या देशातल्या फुल पॉलिसीत, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असलेल्या पॉलिसीत, गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर यातलं काही मिळत नाही, आणि जुन्या गाड्यांना बहुधा तेवढाच विमा असतो. पॉलिसी विकणाऱ्याच्या नावावर असेल तर ती आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्या. नाहीतर प्रवासापुरता ट्रान्झिट विमा घ्या. वाहतूकदाराच्या पावतीवर गाडीची खरी किंमत लिहायला लावा. किंमत लिहिली नाही तर त्याच्याकडून मिळणाऱ्या भरपाईला कायद्याने मर्यादा येते.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि पुढच्या नूतनीकरणाची ५,००० रुपये ठरवली गेली. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणून कोणती नोंदणी हवी याचा विचार घेण्याआधी करा.

परदेशातल्या आपल्या माणसांसाठी

ब्रिटनमध्ये आपली पुष्कळ कोकणी कुटुंबं आहेत. तिथे घरच्या कारला ट्रेलर जोडून जुनी एमजी किंवा ट्रायम्फ आणण्याची पद्धत आहे. डिसेंबर २०२१ पासून तिथल्या साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. पण आपली कार किती ओढू शकते हे कंपनीने ठरवलेलं असतं, आणि ते कमी असेल तर तेच खरं. ट्रेलर जोडला की मोटरवेवर वेगमर्यादा ताशी ६० मैल, दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ५० मैल.

ट्रेलरचा मोठा धोका म्हणजे शेपटीसारखं डोलणं. वजन मागे जास्त झालं की हे होतं. म्हणून इंजिनाची बाजू पुढे ठेवून गाडी अशी उभी करायची की ट्रेलरचं नाक जोडणीवर थोडं दाबलेलं राहील. ब्रिटनमध्ये भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार नाकावर ठेवतात. डोलणं सुरू झालंच तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या.

घरी उतरवताना

फ्लॅटबेड गल्लीत वळेल का, वर वायरी किती खाली आहेत, सपाट जागा कुठे आहे, हे आदल्या दिवशी ठरवा. गल्ली अरुंद असेल तर मैदानाजवळ किंवा पेट्रोल पंपाच्या बाजूला उतरवा. काम दिवसा करा. गाडी आली की अख्खा मोहल्ला जमतो, लहान मुलं सर्वांत पुढे असतात. एका मोठ्या माणसाला फक्त मुलांना लांब ठेवण्याचं काम द्या.

पट्टे सोडण्याआधी विंच लावा. हा क्रम उलटा करू नका. पट्टे सुटले आणि विंच लागलेली नसेल, तर गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. विंच लागली, पट्टे सुटले, गुटके निघाले, मग गाडी हळू खाली येऊ द्या. खाली आल्यावर पावतीवर सही करण्याआधी निघतानाचे फोटो काढून गाडीशी ताडून बघा. काही नवीन नुकसान दिसलं तर ते त्याच पावतीवर लिहा, ड्रायव्हरची सही घ्या.

आणि लगेच किल्ली मारू नका. ब्रेक, ऑइल, पेट्रोलची नळी, वायरिंग आणि टायर मेकॅनिकला दाखवा. पेट्रोल जुनं असेल तर काढून टाका. पहिला फेरफटका अंगणातच मारा आणि चार पावलांवर ब्रेक लागतो का ते पाहा. तो नीट लागला की मग घरच्यांना बसवा.